दोन्ही बाजूंना सिंह

माझ्या तोंडाला कुलूप नाही. गिरीजपासून निर्मळपर्यंत कुणालाही विचारा. आमचे हे, तुळशीदास नाव त्यांचं, नेहमी म्हणायचे, "द्वारके, तू झोपेतसुद्धा भाव करतेस." आता फुलांची टोपली घेऊन बसायचं म्हणजे तोंड चालवायलाच लागतं. मुकी बसले असते तर चाफा टोपलीतच सुकला असता. तर अशी मी. आणि एकदा अशी वेळ आली की हवालदार दारात, सरकारी साहेब खुर्चीत, संसाराचं होत्याचं नव्हतं व्हायची पाळी, आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. गावात अजून सांगतात, द्वारकाची बोबडी वळली. घाबरले होतेच, नाही कशाला म्हणू? पण बोबडी वळली नव्हती. काय झालं ते मीच सांगते.

आणीबाणीचं साल होतं. कार्तिकातली निर्मळची जत्रा. देवळाच्या वाटेवर मी फुलं घेऊन बसले होते आणि शेजारी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन मटिल्डा. मटिल्डा आमच्या बावखलाच्या पलीकडची, तिची केळीची वाडी आणि आमची चाफ्याची, मध्ये फक्त ते तळ्याचं पाणी. जत्रेत आम्ही दरवर्षी शेजारी शेजारी बसायचो. एकीचे हात गुंतले की दुसरी तिच्या गिऱ्हाइकाला सुटे द्यायची.

सकाळीच एका बाईने हार घेऊन आठाण्याचं नाणं दिलं. बोटाला लागताच मला कळलं, यात काहीतरी गडबड आहे. एका बाजूला सिंह, नेहमीसारखे. उलटून बघते तर तिथेही सिंह! पण हे सिंह आत गेलेले, ओल्या मातीत शिक्का दाबावा तसे, आणि उजवीकडचं सगळं डावीकडे. पन्नासचा आकडा कुठेच नाही. अगं बाई, म्हटलं, आज देव पावला!

मला लहानपणापासूनची खोड आहे ही. वेगळं नाणं दिसलं की खर्चायचं नाही, ठेवून द्यायचं. कड चावल्यासारखी दिसणारी पावली, छाप बाजूला सरकलेलं दहा पैशाचं, असलं काय काय मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जमवलं होतं. हे हसायचे. "लोक चांगले पैसे साठवतात, आमची बायको बिघडलेले." हसू देत. मला आवडायचं. इतकं मोठं सरकार, इतकी मोठी यंत्रं, आणि त्यांचाही हात कधीतरी चुकतो, हे बघून बरं वाटायचं.

ते नाणं मी टोपलीत केळीच्या पानाखाली वेगळं ठेवलं आणि गजरा गुंफायला घेतला. तेवढ्यात एका पांढऱ्या शर्टवाल्याने हार घेतला, आणि मटिल्डाने पानाखालून नेमकं तेच नाणं काढून सुटे म्हणून त्याच्या हातावर ठेवलं. तो चार पावलं गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहो दादा! थांबा! ते नाणं परत द्या, दुसरं देते!"

त्याने नाणं बघितलं. उलटून बघितलं. मग परत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. "का हो बाई? यात काय आहे?"

"ते माझं खास आहे. तसली मी ठेवते. घरी डबा आहे माझा."

"डबा? वा. आणि घरधनी काय करतात?"

"त्यांचा प्रेस आहे," मी म्हटलं. "पत्र्याचे वायसर काढतात, पंपवाल्यांसाठी." मेलं माझं तोंड!

तो माणूस हसला नाही. त्याने नाणं रुमालात बांधून खिशात टाकलं आणि हळूच सांगितलं की तो पोलीस ठाण्यातला हवालदार आहे, जत्रेत साध्या कपड्यात फिरतोय, आणि खोटी नाणी चालवणारी टोळी शोधायचा हुकूम आहे. "मुंबईहून टांकसाळीतले साहेब बोलावतो. सोमवारी घरी येऊ. तोवर गाव सोडायचं नाही आणि डबा हलवायचा नाही. डबा गायब झाला तर कबुलीच समजू. नाणं तुझ्या टोपलीतून निघालंय बाई. खोटं ठरलं तर तुलाच न्यावं लागेल."

मटिल्डाने छातीवर क्रूस काढला. माझ्या हातातला गजरा अर्धाच राहिला.

त्या साली माणसं कशी जायची ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. चांदीपचा एक मास्तर चहाच्या दुकानात काहीतरी बोलला आणि दिवाळीला घरी नव्हता. विचारायचं कुणाला? विचारणाराच आत जायचा. आणि खोट्या नाण्याला म्हणे जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ही बातमी मटिल्डानेच आणली, पदर तोंडाला लावून. "माझ्याच हातान् झाला गो," असं म्हणून रडत बसली. मी तिला ओरडले, "तू रडू नकोस, तुला बघून मला धडकी भरते!" आमची सरला तेव्हा पाच वर्षांची. माझ्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. मला नेलं तर ही पोर कुणाच्या पदराला धरेल, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

गावाला वास लागायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन बसले तर मी दिलेली नाणी लोक दगडावर आपटून बघायला लागले. खण्ण वाजलं की खिशात. एका बाईने तर हार परत केला आणि स्वतःचे पैसे मागून घेतले, तेही तपासून. एरवी मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी गप्प टोपली उचलली आणि घरी आले. वाटेत सायकलची घंटा वाजली तरी वाटायचं, आला हवालदार.

घरी ह्यांची वेगळीच तऱ्हा. आमचे हे मुळात भित्रे. कुत्रं भुंकलं तर रस्ता बदलणारे. पोस्टमन खाकी घालतो म्हणून त्याच्याशीसुद्धा अदबीने बोलणारे. जत्रेच्या दिवसापासून त्यांनी प्रेसला हात लावला नव्हता. पडवीत तो प्रेस, वर मोठा आटा, म्हणजे स्क्रू, त्याला आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकांना लोखंडी गोळे. गोळे फिरवले की आटा खाली येतो आणि पत्र्यावर धप्प. रोज दिवसभर ती धपधप ऐकायची सवय, ती बंद झाली तर घर कसं खायला उठलं.

हे नुसते बसून असायचे. मध्येच विचारायचे, "त्या नाण्याची दुसरी बाजू कशी होती गं? नीट सांग."

"सिंह होते, आत गेलेले. कितीदा सांगू?"

"खोल होते?"

"विहिरीएवढे! तुम्हाला काय करायचंय? डबाच बावखलात टाकते, पीडा जाईल."

"डब्याला हात लावू नकोस," हे एकदम म्हणाले. इतक्या जोरात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हवालदाराने सांगितलंय ना."

मी मनात म्हटलं, झालं. नवरा पोलिसाच्या हुकमाला इतका भितो, तिथे माझ्यासाठी कोण उभं राहणार? राग आला मला त्यांचा. भीतीत माणसाला कुणाचा तरी राग यावाच लागतो.

रविवारी दुपारी मी मागे भांडी घासत होते आणि पडवीतून आवाज आला. धप्प. एकदाच. मी तशीच राखेच्या हातांनी धावले. "वेड लागलंय का? आज कशाला चालवताय? कुणाच्या कानावर गेलं तर म्हणतील, बघा, आजही पाडतायत नाणी!"

हे प्रेसकडे पाठ करून उभे. अंगठा फडक्यात धरलेला, चेचला होता. "गंजू नये म्हणून फिरवला," म्हणाले. मी हळद लावली आणि बडबडत बसले. त्यांनी एकच विचारलं, "सरलाला तुझ्याशिवाय झोप येत नाही ना?" मी म्हटलं, "आता कळलं होय तुम्हाला?" आणि रडूच फुटलं मला.

सोमवारी दुपारी आले दोघे. हवालदार आता खाकीत. साहेब म्हणजे साठीकडे झुकलेले, बारीक, खिशात गोल भिंग. चेहऱ्यावर राग नव्हता आणि दयाही नव्हती. सरलाला मी मटिल्डाकडे पाठवलं होतं. बावखलाच्या पलीकडून दोघी इकडेच बघत उभ्या होत्या.

हे पुढे झाले. हात जोडलेले. "साहेब, आधी डबा बघा. डब्यात..."

"तुम्ही गप्प बसा हो!" मी म्हटलं. नको तिथे नको ते बोलून जातील अशी भीती वाटली मला.

हवालदार ह्यांना म्हणाला, "डबा बघूच. तू आधी साहेबांना दोन शहाळी काढ. उन्हातून आलेत." हे तिथेच घुटमळले, पण हवालदाराने डोळे वटारले तसे कोयता घेऊन वाडीत गेले.

साहेबांनी रुमालातलं नाणं काढलं. भिंग लावलं. वाडीत पाखरं ओरडत होती, तेवढाच आवाज. साहेबांनी नाणं फिरवलं, कड बघितली, परत फिरवलं. मग म्हणाले, "हे खरं आहे."

"काय?" हवालदार म्हणाला.

"टांकसाळीतच झालेली चूक आहे ही. कधी कधी छापलेलं नाणं खाली पडत नाही, वरच्या ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती येते, तिच्यावर त्या चिकटलेल्या नाण्याचा छाप उठतो. म्हणून सिंह उलटे आणि खोल." मग त्यांनी मलाच जवळ बोलावलं आणि भिंग हातात दिलं. "ही सरळ बाजू बघा बाई. सिंहाची आयाळ, अक्षरं, सगळं कसं करकरीत आहे. इथेच खरं-खोटं कळतं. कुणी घरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून प्रेसमध्ये दाबली, तर एका बाजूला उलटा छाप उठतो, पण मागची बाजू चेपते. आणि छापाखाली पन्नासचा आकडा अर्धवट दिसत राहतो, तो काही पुरता मिटत नाही. तसलं नाणं या घरात सापडलं असतं तर मी काही करू शकलो नसतो. हवालदारांना तुमच्या यजमानांना न्यावंच लागलं असतं."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "देवा रे," म्हटलं, "साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"आता डबा आणा," साहेब म्हणाले. "कागदावर लिहायचं म्हणजे सगळं बघायला हवं."

मी उडतच आत गेले. फळीवरचा डबा काढला आणि उघडला, सवयीने. सगळ्यात वर एक आठाण्याचं नाणं होतं. माझं नव्हतं ते. माझं एकेक नाणं मला डोळे झाकूनसुद्धा ओळखता येईल. हे ताजं, चमकणारं. एका बाजूला सिंहाचा उलटा छाप, तिरका, उथळ, आणि त्याच्याखालून पन्नासचा आकडा डोकावतोय. उलटलं. मागचे सिंह चेपलेले, तोंडं सपाट.

धप्प. रविवारचा तो एकच आवाज माझ्या डोक्यात वाजला. अरे कर्मा! हा माणूस काय करून बसलाय? घाबरून वेड्यासारखं काहीतरी केलंय, आणि आता स्वतःच जाणार!

"सापडला का डबा?" हवालदार उंबऱ्यात येऊन उभा राहिला. माझ्या हातांकडेच बघत होता. कमरेला खोचायला वेळ नाही, फळीवर टाकलं तर खण्ण वाजेल. मी त्याच्याकडे पाठ केली, खोकल्यासारखं केलं आणि नाणं तोंडात टाकलं. जिभेखाली मावेना. गालात सरकवलं. तोंडभर लोखंडी, आंबूस चव, आणि पोटातून उमासा. डबा घेऊन बाहेर आले.

साहेबांनी नाणी चटईवर ओतली. कड चावलेली पावली उचलून हवालदाराला दाखवली. "जिथे तुकडा गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बघा. पुसट आहे. चकतीच अशी अपुरी आली होती, म्हणून तिकडे छाप नीट बसला नाही. कुणी मागाहून कापली असती तर समोरची कड धड राहिली असती. ही पण खरी." एक दहा पैशाचं बाजूला टाकून म्हणाले, "हे पोरांनी रेल्वेच्या रुळावर ठेवलंय, दुसरं काही नाही. कुठून मिळालं हो बाई?"

मी मान हलवली.

"बाई, साहेब विचारतायत," हवालदार म्हणाला.

मी परत मान हलवली. लाळ सुटत होती आणि गिळता येत नव्हती.

तेवढ्यात हे आले. दोन्ही हातात शहाळी. चटईवर पसरलेली नाणी बघितली, माझा भिंतीसारखा पांढरा चेहरा बघितला, आणि शहाळी खाली ठेवून सरळ साहेबांच्या पायांशी बसले. ज्या माणसाने पोस्टमनला कधी उलट उत्तर दिलं नाही, तो माणूस हवालदाराच्या डोळ्यात बघून म्हणाला, "ते नाणं मी पाडलं. माझ्या प्रेसवर. बायकोला काहीही माहीत नाही. तिला वाटतं सरकारची चूक आहे, ती वेडी आहे, जमवते. डब्यात मी पाडलेलं दुसरं पण आहे, बघा, तोच पुरावा. मला घेऊन चला. तिला हात लावू नका."

अंगठा चेचून, रविवारी, पाठमोरा उभा राहून ह्याने काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी ह्याला भित्रा म्हणत होते. अहो, मी ह्याच्यावर रागावले होते! ओरडावंसं वाटलं, गप्प बसा, नाणं खरं ठरलंय, सुटलोय आपण! तोंड उघडता येत नव्हतं. आयुष्यभर वटवट केली आणि जेव्हा बोलायचं तेव्हा गालात लोखंड.

"कुठे आहे दुसरं?" हवालदार गुडघ्यावर बसला आणि नाणी चिवडू लागला. हे पण चिवडू लागले, चेचलेल्या अंगठ्याने. "इथेच होतं. वरच ठेवलं होतं मी. इथेच..."

नव्हतं. हवालदार उठला आणि माझ्यासमोर आला. "बाई, तू काढलंस? बोल! तोंड उघड!" शहाळं उचलून माझ्या तोंडाशी धरलं. "पाणी पी, घसा ओला कर आणि बोल."

प्यायले. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. नाणं दातावर आपटलं, किण्ण. मला तो आवाज देवळातल्या घंटेएवढा वाटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं होतं देव जाणे. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांना काहीच कळत नव्हतं.

"सोडा त्यांना, हवालदार," साहेब म्हणाले. ते माझ्या गालाकडे बघत होते, बराच वेळ. मग ह्यांच्याकडे वळले. "तुळशीदास ना तुम्ही? हे नाणं तुम्ही पाडलेलं नाही. तुमच्या प्रेसला ते जन्मात जमणार नाही. हे टांकसाळीचं आहे, तुम्ही यायच्या आधीच मी सांगितलंय. आणि दुसरं काही इथे नाही. बायको जाईल म्हणून माणूस काहीही कबूल करतो, मी कागदावर ते लिहीत नाही."

हवालदाराला पटलं नव्हतं. पण साहेब उठले होते. सिंहवालं नाणं त्यांनी सरकारजमा म्हणून ठेवून घेतलं आणि त्याच्या बदली आठाण्याचं साधं नाणं चटईवर ठेवलं. जाताना माझ्याजवळ थांबले. "दाढ दुखते का बाई?"

मी मान हलवली, हो म्हणून.

"लवंग धरा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

सायकली वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. मग पायरीवर बसले आणि नाणं हातावर थुंकलं. रक्त लागलं होतं त्याला, गाल आतून कापला होता. ह्यांनी ते बघितलं आणि मटकन माझ्या शेजारी बसले.

"तुझ्या तोंडात होतं?"

"मग कुठे ठेवू, डोक्यावर?" पहिला शब्द तो निघाला माझा. मग थांबलेच नाही. "असं करतात? कुणाला विचारून केलंत? जन्मठेप झाली असती म्हणजे? कुत्र्याला भिता तुम्ही, तुरुंगात काय करणार होतात?"

"मी राहिलो असतो कसातरी, मान खाली घालून," हे म्हणाले. "तू तिथे गप्प बसली नसतीस, द्वारके. उलट बोलली असतीस. त्यांनी मारलं असतं तुला."

पलीकडून सरला बावखलाच्या काठाकाठाने धावत येत होती आणि मागून मटिल्डा तिला हाका मारत होती. ह्यांनी माझ्या हातावरचं ते चेपकं नाणं उचलायला बोटं पुढे केली. "आण इकडे. बावखलात टाकून येतो. कुणाला सापडायला नको."

मी मूठ मिटली.

"हात तर लावून बघा," मी म्हटलं.